पानगळीच्या पोटातला वसंत

माघ सरत आला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. ‘सकाळी अंगण लख्ख झाडावे आणि दुपारी पाहावे तर पुन्हा पानेच पाने!’ कडुनिंब, पिंपळ, देशी बदाम, शिरीष, सगळ्यांनी मिळून झाडणाऱ्याची परीक्षा घ्यायचे ठरवलेले असते. त्यातच घरात खऱ्याखुऱ्या परीक्षा. दहावी-बारावीचे मूल पुस्तकात डोके घालून बसलेले, गोधड्या-रजया धुऊन उन्हात घालायच्या, वर्षाच्या तिखट-मसाल्याचे आणि पापड-कुरडयांचे वेध लागलेले. या गडबडीत बाग जागी होते आहे हे कोणाच्या लक्षात येणार? उलट ती वाळत चालली आहे असेच वाटते.

याला कारण आहे आपल्या मनातले वसंताचे चित्र. ते बरेचसे गोष्टीच्या पुस्तकांतून, विलायतेहून आलेले. बर्फ वितळते, काळ्या मातीतून हिरवे कोंब डोके वर काढतात, आणि लोक म्हणतात, वसंत आला. काश्मीर-हिमाचलसारखे पहाडी मुलूख सोडले तर आपल्याकडे असे घडत नाही. आपल्याकडे निरोप आणि स्वागत एकाच पंधरवड्यात उरकले जाते. एका फांदीवर पिवळे पान गळायच्या बेतात असते आणि शेजारच्या फांदीवर तांबूस पालवी लवलवत असते. पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो, पण वसंतपंचमी येते माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. हे कोडे पंचांग उलगडून सुटत नाही. बागेत गेले की सुटते.

झाड पाने टाकते तेव्हा ते आजारी नसते, ते घर आवरत असते. पान गळण्यापूर्वी त्यातले नत्रासारखे मोलाचे अन्न झाड परत फांदीत ओढून घेते, देठाच्या मुळाशी पेशींचा एक नाजूक पडदा तयार करते आणि मग रिकामे झालेले पान सोडून देते. पाने गेली की वाफ होऊन जाणारे पाणी वाचते. संक्रांतीला आपण म्हणतो, दिवस तिळातिळाने मोठा होतो. तेवढी खूण पुष्कळ झाडांना पुरते. खोल गेलेल्या मुळांना गेल्या पावसाची ओल अजून हाती लागते आणि तिच्या जोरावर, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना, नवी पालवी फुटते. पावसाळ्यात किड्यांची झुंबड उडण्याआधी ही पाने निबर होऊन बसतात. आंब्या-पिंपळाची कोवळी पाने आधी तांबूस असतात, कारण हिरवे द्रव्य त्यांच्यात अजून भरलेले नसते. तो लाल रंग त्यांना कडक उन्हापासून सांभाळतो. तान्ह्या बाळाला टोपडे घालावे, तसेच हे.

हे सारे पाहायला मोठी बाग लागते असे मुळीच नाही. गच्चीवर किंवा सज्जात चार कुंड्या असल्या तरी भागते. थंडीत केविलवाणा झालेला कढीपत्ता पाहा. पिवळी पडलेली पाने झडून गेली की फांदीच्या टोकाला पोपटी ठिपके दिसू लागतात आणि आठ-पंधरा दिवसांत फोडणीपुरती पाने मिळतात. त्याच पानांवर एखादे दिवशी पक्ष्याच्या शिटेसारखे काहीतरी चिकटलेले दिसेल. ते झटकून टाकू नका. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की ती पानासारखी हिरवीगार होते. घरात लहान मूल असेल तर दोन डहाळ्या तिच्या नावाने सोडाव्यात. पुस्तकातला धडा आणि खिडकीतली अळी, दोन्ही एकदमच लक्षात राहतात.

देवचाफ्याची तऱ्हा आणखी वेगळी. पान एक नाही, नुसती जाडजूड बोटे आभाळाकडे केलेली, आणि त्या बोटांच्या टोकाला फुलांचा झुबका. पाने मागाहून येतात. शेवगाही फुलांनी भरून जातो. जांभळा शिंजीर नावाचा चिमुकला पक्षी याच सुमारास नव्या झळाळत्या पिसाऱ्यात मिरवू लागतो. त्याची साधीसुधी मादी मात्र कामाला लागलेली असते. कपडे वाळत घालायच्या दोरीला, विजेच्या वायरीला किंवा कुंडीतल्या डहाळीला ती कोळ्याच्या जाळ्यांनी गुंफलेले पिशवीएवढे घरटे टांगते. असे घरटे दिसले तर सुमारे महिनाभर ती दोरी तिला देऊन टाकावी.

आणि कोकिळ? थंडीत तो कुठे गेलेला नसतो. तो फक्त गप्प असतो. कवींनी सारे कौतुक कोकिळेच्या पदरात टाकले, पण ‘कुहू’ म्हणत पहाट डोक्यावर घेतो तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. ठिपक्या-ठिपक्यांची मादी नुसती ‘किक्-किक्’ करते आणि अंडी घालायला कावळ्याचे घरटे शोधते.

बागेतला हा बदल स्वयंपाकघराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा, हिंग, मिरे घालून वाटतो. त्याच दिवशी आंध्र-तेलंगणात आणि कर्नाटकात उगादीला कडुनिंबाचा फुलोरा, नवा चिंचेचा कोळ, कैरी आणि गूळ एकत्र येतात. बंगालमध्ये या दिवसांत कोवळा कडुनिंब वांग्याबरोबर तळून पहिल्या घासाला खातात आणि शेवग्याची फुलेही रांधतात. उत्तराखंडात चैत्र संक्रांतीला, मार्चच्या मध्यावर, ‘फूलदेई’ असते. मुले पहाटे फुले वेचून घरोघरच्या उंबऱ्यावर ठेवतात. भाषा निराळ्या, पदार्थ निराळे, पण प्रत्येक घर आपापल्या परसातल्या झाडाकडे पाहूनच सण मांडते. झाड उरले नाही, तर ताटात काय वाढायचे?

हा प्रश्न उगीच विचारलेला नाही. आपल्या गृहनिर्माण संस्थांमधून झाडांवर गंडांतर येते ते नेमके या महिन्यांत. ‘झाड वाळले आहे, कचरा करते आहे, पार्किंगवर फांदी पडेल’, असे म्हणत कोणीतरी तोडायचा विषय काढते. अशा वेळी घरातल्या जाणत्या माणसाने एक साधी गोष्ट करावी. बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडून पाहावी. आत हिरवा ओला पापुद्रा दिसला तर ती फांदी जिवंत आहे. एक कोरडी निघाली म्हणून घाई करू नये, दोन-चार ठिकाणी पाहावे आणि तीन-चार आठवडे थांबावे. उत्तर झाडच देईल. खरोखर धोका असेल तरी परस्पर कुऱ्हाड चालवता येत नाही. महाराष्ट्राच्या शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी घ्यावीच लागते.

दुसरी घाई असते सिमेंट ओतायची. अंगण झाडायला सोपे जावे म्हणून बुंध्याला भिडवून फरशी बसवली जाते. मग पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोचायची कशी? दिल्लीतल्या झाडांचा असाच गळा आवळला गेला, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली बुंध्याभोवतीची एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला. आपल्या अंगणात कोणाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची?

तिसरी घाई काडीची. पानांचा ढीग केला आणि दिला पेटवून! त्या धुराने आधी घरातल्या वृद्धांना आणि दमेकऱ्यांना खोकला लागतो. शिवाय २०१६ च्या घनकचरा नियमांनी असा कचरा उघड्यावर जाळायला बंदी घातली. खरे तर ही पाने म्हणजे फुकट आलेले खत. जुनी गोणी किंवा भोके पाडलेला पिंप घ्यावा. त्यात वाळक्या पानांचा एक जाड थर, त्यावर भाजीच्या देठा-सालींचा पातळ थर, मूठभर माती किंवा शेणखत, असे रचत जावे. ओल हाताला जाणवेल इतकीच ठेवावी. नुसती पाने कुजायला वेळ घेतात, कारण त्यांतले नत्र झाडाने आधीच काढून घेतलेले असते. ओल्या कचऱ्याची जोड मिळाली की दसऱ्यापर्यंत काळेभोर खत हाती येते. उरलेली पाने कुंड्यांतल्या मातीवर दोन-तीन बोटे जाडीने पसरावीत, फक्त खोडाला चिकटवू नयेत. पुढच्या उन्हाळ्यात तेवढेच पाणी कमी लागेल.

पाणी घालतानाही हात जरा आखडता हवा. बोडक्या चाफ्याला ‘बिचारा वाळतोय’ म्हणून रोज तांब्याभर पाणी घातले तर त्याची मुळे कुजतात. मातीत बोट दोन पेरे खुपसावे, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. मोगऱ्याला मात्र या दिवसांत आपली मदत हवी असते. पौषात पाणी तोडून त्याला ताण द्यावा, माघाच्या सुमारास शेंडे छाटावेत, उरलेली पाने काढावीत, माती हलकेच उकरून शेणखत द्यावे आणि मग भरपूर पाणी. होळीनंतर कळ्या मोजायला लागाव्यात.

दारी आंबा असेल तर मोहोराकडे पाहून हरखून जाऊ नये आणि हबकूनही जाऊ नये. एका तुऱ्यावर शेकडो फुले असतात, कधी हजाराच्याही वर. त्यांतली पुष्कळशी नुसती नर असतात. तुऱ्यामागे एखाददुसरे फळ पिकेपर्यंत टिकले तरी झाड भरून दिसते. झाडाखाली बारीक कैऱ्यांचा सडा पडतो तो झाडाचाच हिशेब. त्यांची आमटीत किंवा चटणीत सोय लावावी. मोहोरावर घोंघावणाऱ्या माश्या पाहून मात्र विषारी फवारणीचा पंप काढू नका. आंब्याचे परागीकरण बहुतांशी त्याच करतात. तुडतुड्यांवरचा उपाय फुले उमलण्याआधी करायचा असतो.

एवढे सगळे सांभाळले तरी एक गोष्ट आपल्या हातात पूर्णपणे उरलेली नाही. आता वसंताचे वेळापत्रकच हलू लागले आहे. देशातल्या कमाल तापमानाच्या सरासरीने २०२२ च्या मार्चने आणि २०२३ च्या फेब्रुवारीने १९०१ पासूनचे त्या त्या महिन्याचे उच्चांक मोडले. केरळात विशूच्या पहाटे, एप्रिलच्या मध्यावर, देवापुढे बहाव्याची पिवळी फुले हवीतच. तिथे त्याला कणिकोन्ना म्हणतात. पण हल्ली तो कित्येक ठिकाणी सणाची वाट न पाहता आधीच फुलून जातो. झाड लवकर फुलले आणि त्याची मधमाशी अजून आली नाही, किंवा मोहोर आला आणि उन्हाच्या झळेने करपला, तर नुकसान कवितेचे नसते. ते शेतकऱ्याचे असते आणि शेवटी आपल्या ताटाचेही.

‘सीझनवॉच’ नावाच्या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुले आणि हौशी माणसे दर आठवड्याला एकेका झाडाकडे पाहून पालवी, फुले, फळे यांची नोंद करतात. तेवढे जमले नाही तरी घरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतेच. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, कामाच्या बाईची रजा आपण त्यावर लिहितोच. त्याच चौकटीत आणखी चार शब्द मावतील. कडुनिंबाला पालवी, पहिला कोकिळ, मोगऱ्याची पहिली कळी, आंब्याची पहिली कैरी. हे काम घरातल्या आजी-आजोबांकडे सोपवावे. खिडकीशी बसून तेच सर्वांत नीट पाहतात, आणि पूर्वी पाडव्याच्या सुमारास काय फुललेले असायचे हेही त्यांनाच आठवते.

डिसेंबरअखेर कॅलेंडर रद्दीत जाण्याआधी तेवढ्या तारखा एका वहीत उतरवून घ्याव्यात. पाच-सात वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या अंगणातला वसंत किती सरकला, हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज पडणार नाही.