कार्बोरेटर ट्यून केल्यावर बाईकचा पिकअप खरंच वाढतो का?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या बाईकमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. पण त्याआधीच्या स्प्लेंडर, पल्सर आजही रोज धावतात आणि 'पिकअप कमी झालाय' म्हटलं की गॅरेजमध्ये आधी स्क्रू-ड्रायव्हर बाहेर येतो. माझ्या मते चूक इथेच होते.

तो मिक्श्चर स्क्रू काम करतो आयडलिंगपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत. ओव्हरटेक करताना बाईक अडखळते ती मधल्या टप्प्यात. तिथे पेट्रोल किती जाणार हे नीडल ठरवते. नीडलला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि पेट्रोल वाढतं. पूर्ण थ्रॉटलला हिशेब मेन जेटचा. आयडलिंगचा आरपीएम वाढवून 'बघा, पिकअप आला' म्हणणं तर निव्वळ धूळफेक!

व्हिडिओ बघून स्वतः स्क्रू फिरवणाऱ्यांनी एक बघावं. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर सहसा तो पेट्रोल सोडतो, उघडला की मिश्रण रिच. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा सोडतो, उघडला की लीन. म्हणजे एका बाईकचा सल्ला दुसरीला नेमका उलटा. आधी स्क्रू हलकेच बंद करून किती फेरे होते ते लिहून ठेवा.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. जास्तीत जास्त ताकद मिळते ती १२.५ ते १३ पटीला. मायलेज आणि प्रदूषणासाठी कंपनी लीनकडे झुकते. ट्यूनिंगने मिळवायचं ते एवढ्याच फरकातून. १०० सीसीची १५० सीसी होत नाही.

एअर फिल्टर काढून फिरण्याची हौस सगळ्यात महागात पडते. हवा वाढते, मिश्रण लीन होतं, इंजिन तापतं. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये तर पिस्टन जाम होऊ शकतो, शिवाय धूळ आत जाते ती वेगळीच.

त्यामुळे आधी फिल्टर, प्लग, क्लचचं सेटिंग तपासा आणि कार्बोरेटर साफ करून घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. नंतरही अडखळत असेल तर एका वेळी एकच बदल करा, थोडं चालवून प्लग बघा: फिकट तपकिरी ठीक, पांढरा म्हणजे लीन, काजळी धरलेला म्हणजे रिच.