कोरा रकाना



गेल्या हिवाळ्यात आमच्या एका स्नेह्यांचा न्यू जर्सीहून फोन आला. ते तेथे किराणा दुकानात नोकरीला आहेत, वहिनी रात्रपाळी करतात. मुलगी बारावीला. कॉलेजच्या अर्जातला 'इतर उपक्रम' हा भाग तिने कोराच ठेवला होता. "वर्गातल्या मुली टेनिस, व्हायोलिन, वादविवाद लिहितात. मी काय लिहू?" म्हणून पोर रडत होती. "भाऊ, तुमचा जन्म फॉर्म भरण्यात गेला, तुम्हीच तिला सांगा," असे म्हणून त्यांनी फोन तिच्या हाती दिला.

"शाळा सुटल्यावर काय करतेस, बाळ?" आम्ही विचारले.

"काही नाही, काका. धाकट्या भावाला शाळेतून आणते, जेवू घालते, त्याचा अभ्यास घेते. आजीची औषधं बघते. शनिवार-रविवार बाबांच्याच दुकानात गल्ल्यावर असते, त्याचे पैसे मिळतात."

याला ती 'काही नाही' म्हणत होती!

मग आम्ही त्या अर्जाची नीट माहिती काढली. इथून तिकडे शिकायला जाऊ पाहणारी मुलेही हाच अर्ज भरतात, म्हणून ती इथे देतो.

तिकडे आपल्यासारखा एका बोर्डाच्या परीक्षेवर सारा निकाल नसतो. नववी ते बारावी अशा चार वर्षांचे विषय आणि गुण कॉलेज पाहते. एसएटी ही परीक्षाही असते. एमआयटीने २०२२ साली आणि हार्वर्डने २०२४ साली ती पुन्हा सक्तीची केल्याचे जाहीर केले. पण नुसत्या गुणांवर भागत नाही. विषय किती कठीण घेतले, हे पाहतात. 'एपी' म्हणजे हायस्कुलातच शिकवले जाणारे कॉलेजच्या तोडीचे विषय. शाळेत असे किती विषय आहेत, ती माहिती शाळाच कॉलेजला पाठवते. म्हणजे वीस विषय असलेल्या शाळेत एकच घेणारा आणि दोनच असलेल्या शाळेत दोन्ही घेणारा, यांना एका मापाने मोजत नाहीत. जे हाताशी होते त्याचे काय केलेस, हा खरा प्रश्न असतो.

उपक्रमांचेही तसेच. 'कॉमन ॲप' हा एकच अर्ज हजाराहून अधिक कॉलेजांना चालतो. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथील पदवीच्या वर्गालाही तो चालतो. त्यात उपक्रमांसाठी दहा रकाने असतात. प्रत्येकात दीडशे अक्षरांत काम सांगायचे, आठवड्याचे तास लिहायचे. आणि उपक्रमांच्या प्रकारांत 'पगारी काम' व 'घरच्या जबाबदाऱ्या' हे दोन्ही छापलेले आहेत! भावंडे सांभाळणे, घराला कमाईचा हातभार लावणे यांचा मान राखावा, असे हार्वर्डच्या शिक्षणशाखेतून निघालेल्या २०१६ च्या अहवालातही सांगितले आहे.

तिकडे सगळा न्यायच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. देणगीदारांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप हार्वर्डवरील खटल्यात २०१८ साली चव्हाट्यावर आले. २०१९ साली तर पैसे चारून मुलांना खोटे खेळाडू ठरवणाऱ्या श्रीमंत पालकांवर खटले भरले गेले. ते खोटे लिहून अडकले, आणि आपली मुले खरे लिहायला लाजतात!

मुलीने रकाने भरले. भाऊ आणि आजी, आठवड्याला पंधरा तास. दुकान, दहा तास. वाढवून एक तासही नाही. अर्ज वेळेत गेला. "निकाल लागेल तो लागो," स्नेही म्हणाले, "पण आपली पोरगी एवढं करते, हे आम्हालाही कागदावर वाचून कळलं."

पालकहो, मूल नववीत गेले की एक वही घाला. घरातले, दुकानातले, वस्तीतले त्याचे काम तारखेनिशी आणि तासांनिशी लिहून ठेवा. जमाखर्चात न लिहिलेली रक्कम ताळेबंदात येत नाही. मुलांच्या कष्टाचेही तसेच आहे.