मार्चमध्ये बघू म्हणणाऱ्या आई-बाबांनो

मंडळी, दिवाळी झाली. डब्यांच्या तळाशी चकलीचा चुरा उरलाय आणि येत्या रविवारी घड्याळं एक तास मागे जाणार. आमच्या इल्फर्डमध्ये मग पावणेपाचलाच सूर्य मावळेल, डिसेंबरात तर चारच्या आत. दरवर्षी याच आठवड्यात आपल्या ग्रुपवर तोच मेसेज येतो: "यंदा रनिंग सुरू करायचं होतं गं, पण आता अंधार, थंडी... मार्चमध्ये बघू." खाली पटापट अंगठे.

मीही सहा वर्षं अंगठा दिलाय. यंदा देणार नाही. उलट भांडणार आहे. राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाचा.

पहिलं भांडण "वेळ नाही" या वाक्याशी.

मी सीए आहे. लोकांचे हिशेब तपासण्यात वीस वर्षं गेली. तर हिशेबच करू. आठवड्याचे १६८ तास. अगदी नवख्यांसाठी एनएचएसचा 'काउच टू फाइव्ह के' हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आहे, ॲप फुकट. त्यात आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण अर्धा तास. म्हणजे दीड तास. १६८ पैकी दीड. एक टक्कासुद्धा नाही! एक टक्का काढता येत नाही म्हणणाऱ्या क्लायंटकडे मी आधी बँक स्टेटमेंट मागते. तुमचं स्टेटमेंट तुमच्या फोनमध्ये आहे. स्क्रीन टाइम उघडा. माझा निघाला रोजचा पावणेतीन तास, आणि तोही ३१ जानेवारीच्या डेडलाइनच्या महिन्यात, जेव्हा मी सगळ्यांना सांगत होते की श्वास घ्यायला फुरसत नाही.

दुसरं भांडण जास्त दुखेल. "सगळं मुलांसाठी चाललंय हो, स्वतःकडे बघायला कुठे सवड?"

शनिवारी सकाळी आपण काय करतो? एकाला स्विमिंगला सोडतो, दुसरीला ट्यूशनला, मग मराठी शाळा, मग कुणाचा तरी बर्थडे. आणि पोरं पळत असतात तेव्हा आपण गाडीत हीटर लावून फोन बघत बसतो. याला आपण त्याग म्हणतो. माझ्या धंद्यात याला दुसरं नाव आहे: तरतूद न केलेलं देणं. खर्च आज होतोय, पुस्तकात दिसत नाही, आणि एक दिवस बिल कुणाच्या तरी नावावर फाटतं.

कुणाच्या, ते मला माहितीये. बाबांना सांगलीत स्ट्रोक आला तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजले होते. वीस वर्षांची शुगर आणि बीपी. "अगं, तुमचं शिक्षण, लग्नं, यातच आयुष्य गेलं, व्यायाम कधी करणार?" असं ते नेहमी हसून सांगायचे. मिळेल ते विमान पकडलं. मुंबईत उतरले, तिथून गाडी. साताऱ्याच्या पुढे भावाचा फोन आला. बाबांचा त्याग खरा होता, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण तो फोन माझ्या वाट्याला आला. परदेशात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या उशाशी तो फोन असतोच ना? मग आपणही काहीच केलं नाही, तर पुढचा फोन आपल्या पोरांना जाईल. "मुलांसाठी" म्हणताना हेही धरा.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी चाळिशीची हेल्थ चेक झाली. एचबीएवनसी ४४. इथे ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मी म्हटलं, मी तर जाड पण नाही! नर्सने शांतपणे तक्ता दाखवला. आपल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच धोका धरतात, इतरांसाठी २५ पासून. मधुमेहाचा वाढीव धोकाही गोऱ्या लोकांना चाळिशीनंतर धरतात, आपल्याला पंचविशीनंतर. म्हणजे ज्या वयात आपण व्हिसा, मॉर्गेज आणि नर्सरीची फी यांच्या मागे धावत होतो, तेव्हाच मीटर सुरू झालेलं.

त्याच उन्हाळ्यात शाळेच्या स्पोर्ट्स डेला पालकांची शर्यत होती. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. माझा हात धरून हळूच म्हणाला, "आई, तू नको उतरू हां, प्लीज." हसू आलं, आणि घरी येऊन रडू पण आलं.

आता तुम्ही म्हणाल, आमचं वय झालं. हे इल्फर्डमध्ये बोलायची सोय नाही! फौजा सिंग आमच्याच इल्फर्डचे. १९९४ मध्ये पंजाबात त्यांचा मुलगा अपघातात गेला, माणूस आतून मोडला, आणि इथे दुसऱ्या मुलाकडे राहताना धावायला लागला. २००० साली पहिली लंडन मॅरेथॉन, वय ८९. २०११ मध्ये टोरांटोला पूर्ण मॅरेथॉन, वय १००, वेळ ८ तास ११ मिनिटं. जन्मदाखला नव्हता म्हणून गिनीजवाल्यांनी विक्रम नोंदवला नाही. पासपोर्टवर जन्मतारीख होती १ एप्रिल १९११. ऑडिटर म्हणून मला गिनीजचं म्हणणं कळतं, व्हाउचर लागतंच. पण वय दहा वर्षांनी कमी धरा, तरी आपली सबब उरते का? जुलै २०२५ मध्ये ते गेले, ११४ व्या वर्षी, जालंधरजवळ आपल्या गावी रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं म्हणून. तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांचा फोटो फॉरवर्ड केला, हात जोडले, आणि परत सोफ्यावर.

इथेच माझं तिसरं भांडण आहे, मोटिव्हेशनशी.

बारामतीच्या लता भगवान करे आठवतात? साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आपण त्यांना "प्रेरणादायी" म्हणतो. अहो, त्या नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून धावल्या! त्यांनी कुठे मोटिव्हेशनची वाट बघितली? फौजा सिंगही उत्साह आला म्हणून उठले नव्हते, दुःखात घरी बसवेना म्हणून उठले. उत्साह आधी येतो आणि मग माणूस धावतो, हा हिशेबच उलटा आहे. आधी बूट, मग रस्ता, आणि उत्साह आला तर पाचव्या आठवड्यात. नाही आला तरी चालतं. दात घासायला कुणी मोटिव्हेशन शोधतं का?

उत्साहाच्या जागी व्यवस्था लागते. माझी सांगते, तुमची तुम्ही ठरवा.

दिवस ठरलेले: मंगळवार, गुरुवार, शनिवार. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये क्लायंट मीटिंगसारखे टाकलेले. कपडे आदल्या रात्री खुर्चीवर. खर्च फक्त दोन ठिकाणी: बरे बूट आणि, बायकांनो, चांगली स्पोर्ट्स ब्रा. घड्याळ, बेल्ट, रंगीत पट्ट्या यावर पहिले तीन महिने एक पेनी घालू नका. खरेदी केली की व्यायाम केल्यासारखं वाटतं, तीच तर फसवणूक.

आणि हळू. म्हणजे खरंच हळू. पहिल्या दिवशी पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद धावायचं आणि ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. बस. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतका वेग. आपले नव्वद टक्के लोक इथेच मरतात! शाळेतल्या शर्यतीसारखे सुटतात, चौथ्या दिवशी पिंडरी धरते, आणि "मला नाही झेपत" असं जाहीर करून मोकळे होतात. तुम्हाला धावणं झेपलं नाही असं नाही, तुम्हाला हळू जायची लाज वाटली.

मलाही वाटली. व्हॅलेंटाइन्स पार्कच्या तळ्याजवळ काठी टेकत चालणारे एक आजोबा माझ्या बरोबरीने होते, विनोद नाही. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी सलग वीस मिनिटं धावायचं असतं, तिथे मी तीनदा आपटले. तीनदा मागच्या आठवड्यावर गेले. नऊ आठवड्यांचा कार्यक्रम मला सतरा आठवडे लागला. कुणी दंड लावला नाही.

"पण अंधारात बायकांनी एकटं कसं जायचं?" ही सबब नाही, खरी अडचण आहे. मीही एकटी अंधारात पार्कात जात नाही. मंगळवारी लंच ब्रेकला ऑफिसजवळ. गुरुवारी शेजारच्या गुजराती मैत्रिणीबरोबर दिव्यांच्या मोठ्या रस्त्याने. शनिवारी उजेडात. नवरेहो, गुरुवारी पोळ्या तुम्ही करा किंवा विकतच्या आणा. बायको धावायला गेली की घर कोसळत नाही, आमच्याकडे तपासून झालंय.

"गुडघे जातील." हौशी धावणाऱ्यांचे गुडघे न धावणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं संशोधनात दिसलेलं नाही. मात्र छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, हृदयाचा त्रास किंवा जुनी शुगर असेल, तर आधी डॉक्टरला विचारा.

"मुलं लहान आहेत." मग त्यांना घेऊन या. शनिवारी सकाळी नऊ वाजता व्हॅलेंटाइन्स पार्कात पार्करन असते. पाच किलोमीटर, फुकट. एकदा नाव नोंदवायचं, बारकोड न्यायचा. २००४ मध्ये बुशी पार्कात १३ जणांनी सुरू झालेली ही गोष्ट आता कित्येक देशांत चालते, तुम्ही मेलबर्नला असा नाहीतर टोरांटोला, जवळपास शोधा. चालत गेलात तरी चालतं. सगळ्यात मागे एक स्वयंसेवक चालतोच, त्यामुळे शेवटचे तुम्ही कधीच नसता. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात राहावं लागतं, म्हणजे गाडीत बसायची सोयच नाही!

माझा मुलगा आता दहा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात शेवटच्या वळणावर तो मला म्हणाला, "आई, चल ना, एवढी हळू काय?" आणि पुढे पळाला. माझी वेळ ४१ मिनिटं. सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत एचबीएवनसी ४१ आली होती. ती धावण्यानेच उतरली असं मी सर्टिफाय करणार नाही, रात्रीचा भातही कमी केला होता. पण त्या शर्यतीतून मला मागे खेचणारा हात आता मला पुढे ओढतो, हे मात्र मी सहीशिक्क्यानिशी लिहून देते.

तेव्हा मंडळी, मार्चमध्ये काही होत नाही. मार्चमध्ये पाऊस असतो, मग ईस्टरची सुट्टी, मग परीक्षा, मग भारतवारी, मग परत दिवाळी. येत्या रविवारी घड्याळ तुम्हाला एक तास फुकट देतंय. त्यातला अर्धा तास घ्या. साठ सेकंद धावा, नव्वद सेकंद चाला.

आणि ग्रुपवर अंगठा नको. बूट घालून दाराबाहेर उभे असल्याचा फोटो टाका.