नकाशात नाही, म्हणून नाहीच काय?

गेल्या महिन्यात आमच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एक विषय निघाला. रस्त्याच्या वळणावरचा जुना चिऱ्याचा खुरीस हलवून तेथे पर्यटकांच्या गाड्यांसाठी जागा करावी, अशी सूचना होती. एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "माज्या आज्याच्या आज्यान बांधलेलो तो." त्यावर एका तरुणाने मोबाइल काढला, संरक्षित स्मारकांचा सरकारी नकाशा उघडला आणि सांगितले, "फादर, देवबागात कायच गावाक नाय. सिंधुदुर्ग किल्लो तेवढो दाखयता." सभा गप्प झाली. जणू निकालच लागला. निर्णय पुढील बैठकीवर ढकलला गेला आहे; त्या बैठकीपूर्वी मला जे सांगायचे आहे ते येथे मांडतो.

प्रथम त्या साधनाला त्याचे श्रेय देऊ. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने इस्रोच्या साहाय्याने केंद्र-संरक्षित स्मारके नकाशावर आणली. आपण उभे असलेली जागा दाखवली की जवळचे स्मारक किती अंतरावर आहे ते कळते. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. ज्याला घर बांधावयाचे आहे त्याच्या कचेरीतल्या खेपा या साधनाने वाचतात. हे उपकारक आहे. माझे भांडण यंत्राशी नाही. यंत्राला जो प्रश्न विचारलाच नव्हता त्याचे उत्तर त्याच्या तोंडी घालणाऱ्यांशी आहे.

तो नकाशा एवढेच सांगतो की, केंद्र सरकारने कोणती वास्तू संरक्षित म्हणून जाहीर केली आहे. कोणती वास्तू जुनी आहे, कोणती मोलाची आहे, हे तो सांगत नाही. उदाहरण पाहा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आपला सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे. पण त्याच बारांतील राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे चार किल्ले केंद्राच्या नव्हे, तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. म्हणजे केवळ केंद्राची यादी प्रमाण मानली, तर शिवरायांची पहिली राजधानीसुद्धा 'नाही' ठरेल! जेथे राजगडाची ही गत, तेथे देवबागच्या खुरसाचे नाव न दिसल्याने काय सिद्ध झाले?

बरे, यादीत नाव असले म्हणजे वास्तू वाचते, असेही नाही. २०१३ साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी १,६५५ संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडली नाहीत. पुढे त्यांपैकी काहींचा शोध लागला. काही वाढत्या वस्तीने गिळली होती, काही धरणांच्या पाण्याखाली गेली होती. मार्च २०२४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने १८ स्मारके यादीतून वगळण्याचा निर्णय घेतला. कायद्याचे कवच होते, फलक असतील, कागद होते. नव्हती ती रोज पाहणारी माणसे. आपल्या खुरसाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याला सरकारी कवच नाही. पण त्याच्यापुढे मेणबत्ती लावणारी घरे आहेत, मे महिन्यात तेथे लादीन म्हणणारी मुले आहेत. ही राखण आपण आपल्याच हाताने काढून घ्यावी काय?

काही जण मला म्हणाले, "फादर, यादीत नाही तेच बरे. नाहीतर १०० मीटरांत कुणाला पडवीसुद्धा वाढवता यायची नाही." ही भीती मला समजते. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. येथे १०० मीटर म्हणजे थोडकी जमीन नव्हे. प्रत्येक खुरीस सरकारने ताब्यात घ्यावा, अशी माझी मागणी नाहीच. माझे म्हणणे इतकेच की, जे रक्षण आपण सरकारकडून मागत नाही, ते आपण स्वतः केले पाहिजे.

ते आपण केले आहे काय? येथे मला प्रथम स्वतःकडे बोट दाखवावे लागते. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना मी जुनी लाकडी वेदी काढून तेथे संगमरवरी बसवली. जुनी वेदी कुणी कोरली, केव्हा, कुणाच्या देणगीतून, हे मी विचारले नाही. साधे छायाचित्रही काढून ठेवले नाही. लाकूड कुठे गेले ते आज सांगता येत नाही. बाप्तिस्मा आणि विवाहांच्या नोंदवह्या आपण पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. दगड-लाकडाची वही मात्र उघडलीच नाही.

तिची गरज भावनेपुरती नाही. एप्रिल २०१७ मध्ये मुंबईच्या वांद्र्यात बाजार रोडवरचा, १८९५ सालचा म्हणून ओळखला जाणारा खुरीस महापालिकेने पाडला. जागा खासगी आहे, हा रहिवाशांचा आक्षेप होता. अशा वेळी आजोबांची आठवण पुरत नाही, कागद लागतो. शिवाय आपल्या किनाऱ्याला तर समुद्राचीही धास्ती आहे. बंधारे घातले तरी लाटा जमीन खातात. उद्या एखादा खुरीस पाण्याने नेला, तर तो होता याला पुरावा कोणता?

यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने पात्रातून बारा दगड उचलून आणविले, ते एवढ्यासाठी की, पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारला तर वडिलांना सांगता यावे. आमच्या तरुणाने मोबाइलला विचारले, याचा मला राग नाही. त्याला सांगणारे आम्ही वडीलधारे गप्प बसलो, याची खंत आहे.

म्हणून बंधुभगिनींनो, माझी सूचना अशी : पुढील बैठकीपर्यंत खुरसाला कुणी हात लावू नये. त्याच तरुणाने त्याच मोबाइलवर वाडीवाडीतील खुरसांची छायाचित्रे घ्यावीत, जागेची नेमकी नोंद करावी. वडीलधाऱ्यांनी बांधणाऱ्या घराण्याचे नाव, कोरलेले साल, जमिनीचा सातबारा, लादिनीचा दिवस ही माहिती द्यावी. एक प्रत धर्मग्रामाच्या कपाटात, एक धर्मप्रांताच्या कचेरीत आणि एक ग्रामपंचायतीत राहील. वही मी आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर वळणावरच्या खुरसाचे नाव लिहिले आहे; त्याखालची ओळ त्या वयोवृद्ध गृहस्थांनी सांगावयाची आहे.