मजुरी बुडवायची नाही

हुपरीत चांदीच्या पेढीवर किंवा कारखान्यात संगणकाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘विंडोजला कोण पैसे देतंय? पोरगं येतं, पेनड्राइव्ह लावतं, सगळं चालू करून जातं.’ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, विंडोज ११ चढवण्याची घाई सुरू झाली, आणि या वाक्याला आणखी धार आली. मला ते अजिबात मान्य नाही.

त्यामागचा पहिला समज असा, की नवी आवृत्ती म्हणजे नवा परवाना आणि नवा परवाना म्हणजे हजारोंचा फटका. हे मुळातच खोटे आहे. विंडोज १० रीतसर अ‍ॅक्टिव्हेट असेल आणि यंत्र पात्र असेल, तर ११ वर जायला एक पैसाही लागत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीच्या तयार लॅपटॉपमध्ये विंडोजची किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली असते. मग घोळ कुठे होतो? यंत्राचा परवाना असतो ‘होम’चा आणि पेनड्राइव्हवर तयार असते ‘प्रो’. तीच चढवली जाते. होमच्या परवान्यावर प्रो अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या व्हाउचरवरसुद्धा दिसत राहतात. ती घालवायला अँटिव्हायरस बंद करून क्रॅक चालवला जातो. ज्याचे पैसे मालकाने लॅपटॉप घेतानाच भरलेत, तो परवाना बाजूला सारून चोरीची प्रत बसते, वर बसवणाऱ्याला पैसेही मिळतात!

‘इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही,’ हा दुसरा युक्तिवाद. काही झाले नाही, हे कळणार कसे? त्याच यंत्रावर नेट बँकिंग आहे, जीएसटीची विवरणपत्रे आहेत, कोणत्या कारागिराला किती चांदी दिली आणि घट किती धरली याचा हिशेब आहे. तिथे अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम पूर्ण अधिकाराने चालवायचा, हे धाडस मला समजत नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब तर स्पष्टच आहे : बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापरणाऱ्याला कैदेतून मिळू शकणारी सूटही नाही.

पण मला खरा राग येतो तो ‘परदेशी कंपनीला कशाला द्यायचे’ या बोलण्याचा. चांदीचा भाव आपण ठरवत नाही. हुपरी जगते ती पैंजणाच्या मजुरीवर. सॉफ्टवेअरमध्ये तर धातूच नसतो, सगळी मजुरीच असते. आणि क्रॅक करणारा देश बघत नाही. कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी पुण्यात उभी केलेली क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी परवान्यांवरच वाढली. तिच्याही फुकट किल्ल्या लोक शोधतातच.

विंडोज बनवणारी कंपनी धुतल्या तांदळासारखी आहे, असे मी म्हणत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवे, प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. या अटींमुळे उत्तम चालणारी यंत्रे बाद ठरली. हा अन्याय आहे आणि तो मोठ्याने बोलला पाहिजे. मात्र त्यावरचा उपाय चोरी नव्हे. घरगुती संगणकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची सोय आहे. ज्या यंत्रावर टॅली वापरायची नसते, त्यावर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकावी. जीएसटीचे पोर्टल ब्राउझरमध्ये उघडते, युनिकोड मराठी टंकता येते, आणि तीच प्रत शेजाऱ्याला उघडपणे देता येते.

नवा संगणक घेणाऱ्यांनी एवढे तरी करावे. विंडोज होम की प्रो, ओईएम की रिटेल, हे बिलावर लिहून घ्यावे. ओईएम परवाना त्या यंत्रापुरता असतो. रिटेल परवाना जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतो. असेंबल केलेल्या संगणकाच्या बिलात विंडोजची ओळच नसेल, तर विंडोज आलेलेच नाही असे धरावे. ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळणारी किल्ली अनेकदा एखाद्या संस्थेच्या सामूहिक परवान्यातली असते आणि ती कधीही बंद पडू शकते. फॉरमॅट करायला कोणी आला, तर आधी सेटिंग्जमधले अ‍ॅक्टिव्हेशनचे पान उघडून परवाना होमचा की प्रोचा हे त्याला दाखवावे आणि त्याच प्रकारचे विंडोज बसवायला लावावे.