पेपर ३.१० ला सुटतो

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सचिव,
माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
छत्रपती संभाजीनगर विभाग

महोदय,

आयुष्यभर मराठी शिकवलं आणि कितीतरी फेब्रुवारी-मार्च परीक्षेच्या खोल्यांत येरझाऱ्या घालत काढले. तेव्हा हे पत्र तुमच्याच यंत्रणेत राबलेल्या एका बाईचं समजा.

संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली हे आपले पाचही जिल्हे कॉपीसाठी बदनाम. खिडकीला लोंबकळणारे भाऊ-मामा मीही हाकलले आहेत. कॉपीमुक्त अभियानाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ज्या मुलाला मंडळानेच लेखनिक मंजूर केला आहे, तोही या झाडाझडतीत चोर ठरतो.

एक मुलगा हळू आवाजात सांगतोय, दुसरा उतरवून घेतोय. भरारी पथकाला दारातून दुसरं काय दिसणार? काही वर्षांपूर्वी एका केंद्रावर माझ्यादेखत हेच झालं. अध्ययन अक्षमता असलेला दहावीचा मुलगा, शेजारी नववीतला लेखनिक, बाकावर मंजुरीचं पत्र. पथकातल्या साहेबांनी आल्या आल्या उत्तरपत्रिका उचलली आणि लेखनिकाला उभं केलं. "उत्तर तू सांगतोस की तो?" पत्र वाचून त्यांची खात्री पटेपर्यंत बारा मिनिटं गेली. साहेब पुढच्या वर्गात गेले. नववीतल्या पोराचा हात थरथरत होता आणि दहावीतल्याला निबंध कुठवर आला होता तेच आठवेना. ती बारा मिनिटं त्याला कुणी भरून दिली नाहीत. पर्यवेक्षक मीच होते.

वेळेचंही तसंच. २०२३ पासून सगळ्यांनाच शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात, अकराचा पेपर २.१० ला सुटतो. त्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचं ऐकलं नाही. या मुलांना तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला आणखी एक तास मिळतो, तो मात्र डोळ्यांत खुपतो. कारण ३ वाजता दुपारचं सत्र सुरू व्हायचं असतं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील करायचे असतात, शिपायाला खोली हवी असते. "झालं का रे?" असं दर पाच मिनिटांनी विचारत राहिलं, की पोर आपणहून पेपर देऊन टाकतं. कागदोपत्री सवलत दिलेली असते.

ही सवलत म्हणजे मेहेरबानी, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. तोंडी विचारलं तर धडा घडाघडा सांगणारी मुलं लिहायला बसली की रफार भलत्याच अक्षरावर देत, पहिली वेलांटी दुसरी होई, जोडाक्षर फुटे. मी त्यांच्या वह्या लाल करून ठेवल्या, शेरा मारला 'निष्काळजीपणा'. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. तेव्हा कुठे त्या वह्या मला नव्याने दिसल्या.

आणि गेलेला तास परत मिळत नाही. 'नीट' देणाऱ्या, लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीचा पेपर जादा वेळ न देताच काढून घेतला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने चूक परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या पदरात घातली, भरपाईचा मार्ग शोधायला सांगितलं. पण पुन्हा परीक्षा काही मिळाली नाही. तेवढं लढायला बळ लागतं. कळमनुरी किंवा पाटोद्याच्या ऊसतोड कामगाराने ते कुठून आणायचं?

म्हणून मागणं साधं आहे, त्याला नवा निधी लागत नाही. भरारी पथक निघताना त्याच्या हातात केंद्रनिहाय यादी द्या: कोणत्या खोलीत लेखनिक आहे, पेपर किती वाजता सुटणार आहे. ही खोली वेगळी आणि तळमजल्यावर ठेवा, दुपारच्या सत्राला देऊ नका. शंका आलीच तर मंजुरीपत्र केंद्र संचालकांच्या खोलीत तपासा, मुलाच्या बाकावर नको. तरीही पथकामुळे मिनिटं गेली, तर तेवढी शेवटी वाढवून द्यायचा अधिकार पर्यवेक्षकाला लेखी द्या. त्या दिवशी माझ्याकडे तसा कागद असता, तर मी साहेबांशी बोलले असते.

आणि केंद्राच्या फळ्यावर सुटायच्या दोन्ही वेळा लिहायला सांगा. २.१०. त्याखाली ३.१०.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका