आधी एक पावसाळा, मग जेसीबी

आज पिकाचं नाही, घराचं लिहितोय. पण विषय मातीपाण्याचाच आहे.

चिपळूण तालुक्यातलं आमचं जुनं घर वहाळाच्या काठाला. 22 जुलै 2021 ला ओटीवर कमरेएवढं पाणी चढलं, कणगीतलं भात कुजलं. तेव्हापासून आईचा एकच धोशा, वरच्या रानात घर बांधा. वर आमची 20 गुंठे वरकस आहे. ऐन, किंजळ, करवंदीच्या जाळ्या आणि चांगलाच उतार. आईचं खोटं नाही. पण त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, ते आमच्या घरात कुणी काढत नाही. वर गेलो म्हणून पाणी सुटत नाही, तिथं ते मातीच्या आत असतं एवढंच.

मुलाचं म्हणणं, पावसाआधी जेसीबी लावून जागा सपाट करून घेऊ, दिवाळीनंतर जोतं. दोन दिवसांचं काम. मी नको म्हणालो, म्हणून सध्या घरात जरा अबोला आहे.

परवा पाण्याची नळी लावून उतार मोजला. 40 फुटांत 11 फूट उतरतो. घराला 30 फूट खोल सपाट जागा काढायची तर मागं आठ फुटांची उभी कापणी येते. डोंगराचा पायथाच कापल्यासारखं. वरची माती कशाच्या आधारानं राहणार? त्यात ताजी कापणी आणि लगेच जून. निम्मं कापून निम्मी भर घातली तर कापणी चार फुटांवर येते, पण घर अर्धं मुरमावर आणि अर्धं भरावावर. भराव दबत राहतो, भिंतीला तडा ठरलेला. असली घरं आमच्या वाडीत दोन आहेत, नावं घेत नाही.

माझं मत असं की यंदा फावडंसुद्धा लावायचं नाही, नुसतं बघायचं. उपळ कुठं फुटते, श्रावणानंतरही ओल कुठं राहते, कुठली झाडं बुंध्याशी वाकून मग सरळ वाढलीत (तिथली माती हळूहळू सरकत असते), जमिनीला आडवी भेग कुठं पडते. खुंट्या ठोकून सुतळी ओढून ठेवलीय. खुंट्या ओळीतून हलल्या तर ती जागा बाद. शेताला ताली घालताना आपण हे सगळं बघतो. घराच्या वेळी मात्र नकाशा आधी येतो आणि जमीन मागून.

घरही उताराला आडवं, लांबट हवं. 18 फूट खोली धरली तर फरक पाच फुटांचा, तो अडीच-अडीच फुटांच्या दोन जोत्यांत बसतो. यात एक खोट आहे, मान्य करतो. मधे चार-पाच पायऱ्या येतात आणि आईचे गुडघे गेलेत. म्हणून तिची खोली आणि संडास ओटीच्याच पातळीला. मुलाचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच होता, आणि तो बरोबर होता.

घराच्या वर चर काढून पाणी बाजूच्या पऱ्यात सोडायचं, चराच्या काठाला वाळा. शेतात आपण पाणी मुरवायला समतल चर काढतो, तो इथं चालणार नाही. घराच्या डोक्यावर पाणी मुरवलं तर संपलंच. हा चर थोडा उतरता हवा. पागोळ्यांचाही हिशेब करा. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. शंभर चौरस मीटर छपरावरून साडेतीन लाख लिटर पाणी उतरतं. ते जोत्याशी सोडून चालेल का?

झाडं साफ करायची घाई करू नका. ऐनासारख्या झाडाला स्वतःच्या जमिनीत असलं तरी तोडायला परवानगी लागते, आणि मुळांनीच माती धरलेली असते. फक्त खालच्या बाजूचं गवत दरवर्षी पावसाळा संपला की कापायचं, कारण वणवा चढाला पळत सुटतो.

मुलगा म्हणतो, एका वर्षात चिरा आणि मजुरी दोन्ही वाढतील. वाढतील. शिवाय यंदाचा पावसाळा पुन्हा वहाळाकाठीच काढायचा आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. भात माळ्यावर चढवून ठेवलंय. पाणी चढायला लागलं की आईला बहिणीकडे न्यायचं.

मृदसंधारणातले कुणी वाचत असतील तर एवढं सांगा, जांभ्याच्या उतारावर चराला शंभर फुटांत ढाळ किती ठेवावा? मी एक फूट धरलाय.